सबॅटिकलला लाइपझिगला येताना

नमस्कार मॅडम,

साताऱ्याकडच्या सड्यांवरच्या (जांभ्या खडकाच्या पठारांवरच्या) वनस्पतींच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी तुमच्याकडे आहेत आणि आता सहा महिन्यांची सबॅटिकल, म्हणजे अभ्यासरजा, मिळतेय. ती जर्मनीतल्या लाइपझिगच्या 'आयडिव्ह'मध्ये घालवावी का, कधी यावं आणि काय तयारी करावी, असं तुम्ही विचारलंय. मी याच शहरात आणि याच विषयात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जरूर या. पण इथे नवं फील्डवर्क करायचा बेत असेल तर तो सोडून द्या. आयडिव्ह हे हाले, येना आणि लाइपझिग विद्यापीठांचं 2012 साली सुरू झालेलं जैवविविधता केंद्र. त्यातल्या 'एसडिव्ह' विभागाचं कामच मुळी आधी गोळा झालेली माहिती एकत्र आणून तिच्यातून नव्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. जगभरच्या वनस्पती-नोंदींचा 'एसप्लॉट' हा साठाही इथलाच. त्यात दहा लाखांहून जास्त प्लॉट, म्हणजे वनस्पती मोजलेल्या जागा, आहेत, पण युरोप ठासून भरलेला आणि उष्ण प्रदेश विरळ. तुमच्या वह्यांना किंमत आहे ती इथे. वृक्षारोपणाच्या काही जागतिक नकाशांत गवताळ माळ 'झाडं लावायला मोकळी जमीन' म्हणून दाखवले जातात. जांभ्यावर दोन बोटं माती असताना तिथे झाड का नाही, आणि का नसावं, हे ठामपणे सांगणारं कुणीतरी अशा नकाशांच्या चर्चेत बसलेलं हवं. प्रकल्पाचा गाभा हाच ठेवा, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी निघण्याआधी नोंदी साफ करा. एका वर्षी कारवी 'स्ट्रोबिलँथेस कॅलोसा' म्हणून लिहिलेली आणि दुसऱ्या वर्षी 'कार्व्हिया कॅलोसा' म्हणून, तर संगणक त्या दोन प्रजाती मोजतो. प्रत्येक क्वाड्रॅटचा (वनस्पती मोजायला आखलेल्या चौकटीचा) आकार आणि तारीख वेगळ्या रकान्यात हवी. सीतेची आसवं, गेंद, तेरडे पावसाळ्यातच दिसतात. एप्रिलमधल्या क्वाड्रॅटमध्ये ते नाहीत याचा अर्थ तिथे ते उगवतच नाहीत असा नव्हे. आपल्याला हे सांगावं लागत नाही, इथल्यांना सांगावं लागतं. हे काम इथे येऊन करायला बसलात तर निम्मी रजा त्यातच जाईल.

कधी यावं? बहुतेक जण उन्हाळा सुचवतील. मी डिसेंबर ते मे म्हणेन. तुमचा सड्यावरचा हंगाम बुडत नाही आणि अंधाऱ्या थंडीत टेबलावरचं काम भरपूर होतं. एप्रिलमध्ये शहरालगतच्या नदीकाठच्या जंगलात रानलसूण फुलायला लागतो, वाटेवर पाऊल टाकताच वास येतो. याच जंगलात झाडांच्या शेंड्यांवरच्या अभ्यासासाठी 2001 पासून क्रेन उभी आहे, ती पाहाच. मेअखेरीस येनाला जा. तिथे साले नदीकाठी 2002 पासून गवताळ वाफ्यांचा प्रयोग चालू आहे, कुठे एकच प्रजाती, कुठे साठ. मेअखेरची कापणी बघून पाऊस लागायच्या आत घरी पोचता येतं.

नमुने आणू नका. वाळलेली पानं, बिया परदेशी संशोधनासाठी न्यायच्या तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि आपल्याकडची माती युरोपात आणायला खास परवान्याशिवाय बंदी आहे. नोंदी कुणाच्या हवाली करण्याआधीही 2002 च्या जैवविविधता कायद्यात काय बसतं ते विद्यापीठाकडून लेखी घ्या.

यूजीसीच्या नियमांनुसार सबॅटिकलमध्ये दुसरीकडे नियमित नोकरी धरता येत नाही, फेलोशिप चालते. त्यामुळे पाहुणी संशोधक म्हणूनच आमंत्रण मागा. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर जर्मनीचा राष्ट्रीय (दीर्घ मुदतीचा) व्हिसा लागतो, त्याची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा आमंत्रण हातात पडताच अर्ज करा.

घर ठरवताना घरमालकाला एकच विचारा: नोंदणीसाठी पत्र देणार का? घरात आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि काही जण खोली देतात पण ते पत्र देत नाहीत. त्यावाचून पुढची कामं अडतात. विद्यापीठाच्या अतिथिगृहात जागा मिळाली तर तीच घ्या.

इथल्या प्राध्यापकांना पहिली मेल करताना सीव्ही लांबलचक नको. एका पानात प्रश्न, नोंदी किती वर्षांच्या आणि कुठल्या, आणि सड्याचा एक पावसाळ्यातला व एक मे महिन्यातला फोटो. तो मसुदा मला आधी पाठवलात तर नक्की वाचून कळवेन.