जुन्या घराची चिमणी: ९९ डॉलरची सफाई की कॅमेऱ्याची तपासणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये १९५० च्या दशकातलं, विटांच्या चिमणीचं घर घेताय. होम इन्स्पेक्शन उरकलंय, क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा अंतिम व्यवहार, अजून व्हायचंय. डिसेंबरात आईबाबा येणार, तेव्हा फायरप्लेस पेटवायची हौस आहे. चिमणी साफ करायचे एक जण ९९ डॉलर मागतोय, दुसरा नुसत्या तपासणीचेच तीनशेच्या वर सांगतोय. हा खर्च खरंच करायला हवा का, की ब्रश आणून स्वतःच करता येईल?

मी न्यू जर्सीतच होम इन्स्पेक्टर आहे. तुमच्या हातात आहे तसले रिपोर्ट लिहिणं हाच माझा धंदा. त्या रिपोर्टात फायरप्लेसच्या पानावर एक वाक्य असेलच: चिमणीची आतली बाजू पाहता आली नाही, जाणकाराकडून तपासून घ्यावी. लोकांना वाटतं, इन्स्पेक्टर अंग काढून घेतोय. खरं सांगायचं तर घेतोच. फ्लू, म्हणजे चिमणीतली धुराची नळी, आतून बघणं आमच्या कामाच्या कक्षेतच येत नाही. आम्ही फायरप्लेसच्या चुलीत वाकून वर टॉर्च मारतो, डॅम्परची झडप उघडते-मिटते का ते पाहतो, बाहेरून विटा पाहतो आणि पुढच्या खोलीत जातो. मधला जो पंधरा-वीस फुटांचा भाग, तो कोणीच पाहिलेला नसतो. टाउनशिपही, म्हणजे इथली नगरपालिकाही, पाहत नाही. घर विकताना स्मोक अलार्म, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म आणि अग्निशामक नळकांडं यांचा दाखला लागतो. चिमणीचं त्यात अवाक्षर नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पैसे बघण्यासाठी खर्च करा, घासण्यासाठी नंतर. घासलेली चिमणी स्वच्छ असते, पण धड असेलच असं नाही. ९९ वाला जे विकतोय ते घासणं आहे.

अमेरिकेत या बाबतीत एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं २११ क्रमांकाचं मानक धरतात. त्यात दरवर्षी एकदा तपासणी करावी असं सांगितलंय, आणि तपासणीच्या तीन पातळ्या दिल्यात. तेच घर, तेच इंधन, तसाच वापर असेल तर पहिली पुरते. घर विकलं जात असेल, इंधन किंवा भट्टीचा प्रकार बदलला असेल, चिमणीत आग लागून गेली असेल तर दुसरी, म्हणजे फ्लूमध्ये कॅमेरा घालून आणि माळा-तळघरातून जिथे जिथे पोचता येतं तिथून चिमणी बघून. तिसरीत भिंत किंवा विटा फोडाव्या लागतात. ती क्वचितच, दुसरीत काही गंभीर निघालं तरच. तुम्ही घर विकत घेताय, म्हणजे तुम्हाला दुसरी लागू. हे मानक न पाळल्याबद्दल घरी दंड करायला कोणी येणार नाही. जर्मनीत तसं नाही. तिथे सरकारने नेमलेला चिमणीवाला ठरल्या वेळी दारात उभा राहतो आणि त्याला आत घ्यावंच लागतं. इथे सगळं घरमालकाच्या शहाणपणावर सोडलंय.

कॅमेऱ्यात काय दिसतं ते सांगतो, म्हणजे तीनशे डॉलर कशाचे ते कळेल. त्या काळातल्या चिमणीत विटांच्या आत भाजलेल्या मातीच्या चौकोनी नळ्या एकावर एक रचलेल्या असतात, एकेक साधारण दोन फूट उंच. दांड्याला लावलेला कॅमेरा खालून वर सरकतो आणि दर दोन फुटांवर एक सांधा येतो. चांगल्या चिमणीत सांधा सपाट, बांधकामाच्या मसाल्याने भरलेला. जुन्यात बऱ्याचदा मसाला गळून गेलेला असतो आणि फटीतून मागची वीट दिसते. त्या फटीतून धूर आणि उष्णता विटांपर्यंत जाते, आणि विटांना लागून घराचं लाकूड आहे. कधी एखाद्या नळीवर वरपासून खालपर्यंत केसासारखी उभी चीर असते. ती बहुधा जुन्या आगीची खूण. चिमणीतली आग म्हटलं की ज्वाळा आणि आगीचे बंब डोळ्यासमोर येतात, पण कितीतरी आगी आत धुमसून आपोआप विझतात आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. तापमान मात्र हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, आणि मातीची नळी ते सोसत नाही. आधीच्या मालकाने तुमच्यापासून काही लपवलंच असेल असं नाही. त्यालाही माहीत नसेल.

ही आग लागते क्रिओसोटला. लाकडाचा धूर वर जाताना थंड होतो आणि त्यातली डांबरासारखी द्रव्यं नळीच्या भिंतीवर बसतात. सुरुवातीला ती भुसभुशीत काजळी असते, ब्रशने सहज निघते. मग कडक, चकचकीत पापुद्रे. आणि शेवटची अवस्था म्हणजे वर्षानुवर्षं बाहेरून न घासलेल्या कढईसारखा काळा, गुळगुळीत, दगडी थर. तो साध्या ब्रशला दाद देत नाही, त्याला फिरती यंत्रं किंवा रसायनं लागतात, आणि जळतो तोच सगळ्यात जोरात. थर १/८ इंच, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर झाला की साफ करा, असं धंद्यातली मंडळी धरतात. चकचकीत थर असेल तर त्याहून कमी असला तरी थांबायचं नाही.

आता जे तुम्ही विचारलेलंच नाही, ते. तुमच्या चिमणीत बहुतेक दोन फ्लू असतील. एक फायरप्लेसचा, दुसरा तळघरातल्या बॉयलरचा किंवा फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा. बाहेर उभं राहून चिमणीच्या डोक्याकडे पाहा, दोन तोंडं दिसतील. लोक हौसेच्या फ्लूवर पैसे घालवतात आणि रोज चालणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला स्वतःला भीती वाटते ती या दुसऱ्याची. त्या काळातली अनेक घरं तेलावर होती, पुढे गॅसवर आली. गॅसचा धूर कमी तापलेला आणि पाण्याच्या वाफेने भरलेला. जुन्या मोठ्या नळीत तो वर पोचेपर्यंत थंड होतो, भिंतीवर आम्लधर्मी पाणी सुटतं आणि ते माती आणि मसाला दोन्ही खातं. खपल्या खाली पडतात, साठतात आणि एक दिवस भट्टीच्या पाइपाचं तोंडच बुजवतात. मग कार्बन मोनॉक्साइड वर जायचं सोडून तळघरात उतरतो. त्याला ना रंग, ना वास.

यातला एक प्रकार आजकाल फार दिसतो. कोणीतरी नवी जास्त कार्यक्षमतेची फर्नेस बसवलेली असते. तिचा धूर प्लास्टिकच्या पाइपाने थेट भिंतीबाहेर जातो. मागे उरतो एकटा वॉटर हीटर, आणि एवढ्याशा हीटरला ती प्रचंड चिमणी तापवता येत नाही. ओढ कमी पडते, धूर मागे फिरतो. तळघरात जाऊन बघा: फर्नेसमधून पांढरे पाइप बाहेर गेलेत आणि हीटरचा पत्र्याचा पाइप मात्र विटांत शिरलाय, असं दृश्य असेल तर त्या फ्लूमध्ये योग्य मापाचं धातूचं लायनर, म्हणजे आतून घातलेली नळी, आहे का, हा तपासणीवाल्याला पहिला प्रश्न. चिमणीच्या तळाशी एक छोटं लोखंडी दार असतं, तेही उघडून बघा. आत मातीच्या नळीचे तुकडे पडलेले दिसले तर काय चाललंय ते तुम्हीच ओळखाल. बाहेरून विटांवर क्षारांची पांढरी पूड आलेली असेल तर आत ओल आहे.

९९ डॉलरबद्दल. प्रत्येक स्वस्त माणूस लबाड असतो असं मी म्हणणार नाही, पण या धंद्यातली एक ठरलेली चाल सांगून ठेवतो. माणूस येतो, अर्धा तास घासतो, मग चेहरा गंभीर करून फोनवर भेगाळलेल्या नळीचा फोटो दाखवतो आणि म्हणतो: आज रात्री सगळे झोपेत जाल, लायनर टाकावंच लागेल, आत्ता सही केली तर सवलत. फोटो कुणाच्या चिमणीचा आहे ते देवच जाणे. एका क्लायंटच्या घरी हा प्रकार माझ्या समोरच निघाला: फोटोतली नळी गोल, त्यांची चौकोनी.

यावर उपाय सोपा आहे. व्हिडिओ तुमच्या चुलीपासून सुरू होऊन सलग वरपर्यंत गेलेला हवा, आणि तो चालू असताना तुम्ही पडद्यासमोर उभे असायला हवेत. निष्कर्ष लेखी हवा. आणि फायरप्लेसबाबत कोणी कितीही घाबरवलं तरी घाई करायचं कारण नाही. ती न पेटवणं फुकट आहे. दुसरं मत घ्या, महिना जाऊ द्या. भट्टीच्या फ्लूला मात्र हे लागू नाही. तिथे धोका सांगितला तर भट्टी बंद करून त्याच दिवशी दुसऱ्याला बोलवा.

माणूस निवडताना सीएसआयए या चिमणी-सुरक्षेच्या अमेरिकन संस्थेचं प्रमाणपत्र आहे का बघा. त्यांच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. विमा विचारा. दुरुस्तीही करणार असेल तर राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स खात्याकडे त्याची कंत्राटदार म्हणून नोंद आहे का तेही बघा.

स्वतः करायचं का? बघणं जरूर करा. चूल पूर्ण गार असताना डॅम्पर उघडा, टॉर्च मारा, सळईने वरच्या काजळीवर ओरखडा काढा; किती खोल जातो त्यावरून थराचा अंदाज येतो. पण घासायला छतावर चढू नका, आणि काजळी घरच्या व्हॅक्यूमने तर मुळीच ओढू नका. ती इतकी बारीक असते की साध्या फिल्टरमधून आरपार जाऊन सोफ्यावर बसते. व्यावसायिक माणूस चुलीचं तोंड झाकून, अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचं यंत्र लावून काम करतो ते उगाच नाही. १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या लंडनच्या सर्जनने चिमणी साफ करणाऱ्यांमधल्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. एखाद्या धंद्यामुळे होणारा कर्करोग अशी नोंद झालेलं ते पहिलं ठळक उदाहरण. दुकानात चिमणी साफ करणारे ओंडके मिळतात, तेही आणा हवं तर. त्यांनी चिकट थर थोडा कोरडा पडतो, पण निघालेला कचरा खाली आणायला माणूसच लागतो आणि चीर ओंडक्याला दिसत नाही.

आईबाबांना ऊब मिळावी म्हणून हे सगळं असेल तर आधीच सांगतो, उघडी फायरप्लेस दिसायला छान, ऊब द्यायला कंजूष. समोर बसलेल्यांचे पाय शेकतात, आणि घरातली तापवलेली हवा धुराबरोबर वर निघून जाते. मागच्या खोल्या उलट गारठतात. पेटवा, फोटो काढा, मजा करा. हीटिंगचं बिल कमी होईल ही आशा ठेवू नका.

आणि आपल्या घरांमधला एक खास प्रकार. फायरप्लेस पेटलेली असताना स्वयंपाकघरात फोडणी पडते आणि कोणीतरी ओट्यावरचा एक्झॉस्ट फुल करतं. तो जोरदार असेल आणि त्याची हवा बाहेर जात असेल, तर घर बंद असल्यामुळे बदली हवा जिथून मिळेल तिथून ओढली जाते, म्हणजे चिमणीतून खाली, धुरासकट. मोहरी तडतडतेय तोवर जवळची एक खिडकी बोटभर उघडा. लाकूड वाळलेलं घ्या, ओलावा वीस टक्क्यांच्या आत. मोजायचं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. भेटींचे रंगीत कागद आणि खोके चुलीत टाकू नका, पेटते कपटे वर उडतात आणि काजळीला जाऊन चिकटतात. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, बादली घराबाहेर आणि लाकडी डेकपासून लांब. राखेतले निखारे कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. गराजमध्ये कागदी पिशवीत ठेवलेली राख मी पाहिलेली आहे, काय बोलणार!

वेळेचं म्हणाल तर सप्टेंबरपासून या लोकांचे फोन लागत नाहीत. एरवी हिवाळा संपल्या संपल्या, मार्चात बोलवावं. काजळी उन्हाळ्याच्या दमटपणात राहिली की दिवाणखान्यात आंबूस, जळका वास येतो. शिवाय वसंतात चिमणी स्विफ्ट नावाचे पक्षी येतात, आपल्या पाकोळ्यांचे भाऊबंद, आणि चिमणीच्या आत घरटी करतात. त्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे, अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढता येत नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत काम थांबतं. वर जाळीचं झाकण नसेल तर ते पक्षी नसतानाच बसवून घ्यायचं.

तुमच्याकडे मात्र मार्चपर्यंत थांबायला वेळ नाही, आणि तोच तुमचा फायदा आहे. क्लोजिंग झालेलं नाही म्हणजे बोलायला जागा आहे. इन्स्पेक्शनची मुदत संपायच्या आत दुसऱ्या पातळीची तपासणी करा, तुमच्या वकिलाला रिपोर्ट आणि व्हिडिओ पाठवा. नवं लायनर टाकायची गरज निघाली तर खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. तो विकणाऱ्याकडून क्रेडिट म्हणून, म्हणजे व्यवहाराच्या रकमेतून वळता करून, मागता येतो. मुदत अगदी तोंडावर आली असेल तर वकिलाला आजच फोन करून थोडी वाढवून मागायला सांगा. आणि चिमणीवाल्याकडे दर विचारताना ‘दोन्ही फ्लूंचा’ असं स्पष्ट विचारा, नाहीतर तो तीनशेमध्ये फायरप्लेसच तेवढी बघून जाईल.