वडिलांचं ते सगळं वडिलोपार्जित नव्हे

'वडिलोपार्जित' या एकाच शब्दाचा घोळ पत्रांतून पुन्हापुन्हा येतोय, म्हणून या वेळी वारशाचेच प्रश्न घेतले. उत्तरं हिंदू वारसा कायद्यापुरती आहेत.

वारस, वारसदार आणि वारसा यांत फरक काय?

वारस आणि वारसदार एकच. त्यांच्याकडे येतो तो वारसा.

वडिलांचा कोथरूडचा वडिलोपार्जित फ्लॅट ते धाकट्याच्या नावे करताहेत. अडवता येईल का?

फ्लॅट त्यांनी पगारातून हप्ते फेडून घेतला, असं तुम्हीच लिहिलंय. मग तो स्वकष्टार्जित, कुणालाही देतील. 'वडिलोपार्जित' म्हटलं की वडिलांनी कमावलेलं असं कानाला वाटतं. कोर्टात त्याचा अर्थ वेगळा : वाटणी न होता पिढ्यान्‌पिढ्या खाली आलेली एकत्र कुटुंबाची मिळकत. तिथे जन्मानं हक्क मिळतो, 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही. एरवी, माणूस हयात असेपर्यंत त्याला वारसच नसतात. आजोबांनी स्वतः घेतलेलं घर 1956 नंतर मृत्युपत्राविना वडिलांकडे आलं, तर तेही वडिलांचं स्वतःचं. 1986 पासून सुप्रीम कोर्ट हेच सांगतंय. परवा एक गृहस्थ दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताचा उतारा, घेऊन शिवाजीनगर कोर्टात गाठ पडले. खरेदीदार म्हणून एकट्या वडिलांचं नाव, आणि हे म्हणतात, "अहो, कट्ट्यावर सगळे सांगतात, नातवाचा हक्क असतोच!" कट्ट्याची सनद मी अजून पाहिलेली नाही. तुमच्या फ्लॅटमध्ये गावच्या एकत्र जमिनीचे पैसे घातले असतील, तर मात्र प्रकरण वेगळं. कागद वकिलाला दाखवा.

सोसायटीत वडिलांनी मला एकट्याला नॉमिनी केलं होतं. ते गेल्यावर भाऊ हिस्सा मागतोय.

मागणारच. नॉमिनी सांभाळणारा असतो, मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही, भाऊ सारखे वाटेकरी. बहीण आणि वडिलांची आई हयात असेल तर त्याही.

बहिणीच्या लग्नात सगळं दिलं. तरी तिचा हक्क उरतो?

उरतो. तिनं राजीखुशीनं हक्कसोडपत्र नोंदवून दिलं तर गोष्ट निराळी.

मुळशीच्या सातबाऱ्यावर 2014 साली वारलेल्या वडिलांचंच नाव आहे. एजंट 'वारस दाखला' काढून देतो म्हणतो.

इतकी वर्षं काय करत होतात? कळवायची मुदत तीन महिन्यांची. सातबाऱ्याला लागते ती वारस नोंद. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा. वारस दाखला दिवाणी कोर्ट देतं. एजंट एकाचं नाव सांगून दुसऱ्याचे पैसे लावतात. प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावं गाळायचा सल्लाही हेच देतात; तसल्या कागदावर सही करू नका. नोंद झाली म्हणून मालकी ठरत नाही. भावंडांत कुरबुर असेल तर अर्जाआधीच वकील गाठा.