डोक्याला मार लागून दीड वर्ष झाल्यावर हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी घ्यावी का?

तुमच्या भावाचा बाइकचा अपघात जुना आहे आणि सेंटरवाले या थेरपीचं, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेण्याचं, 40 सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारतायत. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. अमेरिकी लष्कराने डोक्याला मार लागलेल्या सैनिकांवर चाचण्या केल्या. चेंबरमध्ये शुद्ध ऑक्सिजन घेणारे जेवढे सुधारले, साधारण तेवढेच किंचितच वाढवलेल्या दाबाच्या साध्या हवेत बसवलेलेही सुधारले. तो पैसा फिजिओ आणि स्पीच थेरपीला लावा.

पण म्हणून चेंबर म्हणजे थोतांड, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

नरक चतुर्दशीची पहाट. थंडी म्हणून बाथरूमची खिडकी बंद, गॅस गीझर आतच, आणि एकामागून एक आंघोळी चाललेल्या. नणंद शेवटी आंघोळीला गेली. बादली वाहतेय, हाका मारल्या तर ओ नाही. दार तोडलं. कॅज्युअल्टीत बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा 98. म्हणे उपाशीपोटी चक्कर आली असेल! अहो, बंद जागेत गीझरच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेला तो वायूही त्या यंत्राला ऑक्सिजनच वाटतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथेच भांडून कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासायला लावलं. मग ऑक्सिजनचा मास्क लागला आणि दुपारी तिला चेंबर असलेल्या हॉस्पिटलात हलवलं. आत आगीचा धोका, तेलाचा थेंब चालत नाही. नर्सने तिच्या केसांतलं अभ्यंगाचं तेल पुसपुसून काढलं. दाब वाढला की कानाला दडे बसतात, म्हणून बाहेरून सारखं "आवंढा गिळा" सांगत होते.

रक्तातला हा वायू निम्मा व्हायला साध्या हवेत 4-5 तास लागतात, मास्कवर सव्वा-दीड तास, चेंबरमध्ये 20-25 मिनिटं. 2002 च्या अमेरिकेतल्या एका चाचणीत 24 तासांच्या आत तीनदा चेंबर दिलेल्यांपैकी 25 टक्क्यांना सहा आठवड्यांनी स्मरणशक्ती, एकाग्रता वगैरेंचा त्रास होता. न दिलेल्यांत 46 टक्क्यांना. नणंद आज पुन्हा बँकेत कॅशला बसते.

सगळ्याच अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही, हेही खरं. आणि भावाच्या फुप्फुसाला अपघातात इजा झाली असेल, तर छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेंबरचं नावही काढू नका.

तुमच्याकडे गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आमचे थोरले भाऊजी अजून म्हणतात, "खिडकी उघडी ठेवली की झालं." पहाटेच्या थंडीत आंघोळ करताना कोण ठेवतं उघडी? त्यांच्याकडे तो अजून आतच आहे. भाऊजी, वाचत असाल तर या आठवड्यात प्लंबर बोलवा, पैसे मी देते.