वाचकांचे प्रश्न : जिल्हा परिषदेची शाळा

प्रश्न : गावच्या शाळेचा पट ६२ आहे, तरी संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना) तिसरे शिक्षक अतिरिक्त ठरले. मुलं रोज शाळेत बसलेली दिसतात, मग ही गळती कुठे झाली?
(पालक, सातारा जिल्हा)

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना ३. त्यामुळे पट साठीच्या काठावर असलेल्या शाळेत दोन मुलं इकडची तिकडे झाली की एक पद जाते. मुळात संचमान्यतेसाठी वर्गातली मुलं मोजत नाहीत. ३० सप्टेंबरला ऑनलाइन नोंदीत असलेली आणि आधार पडताळणीत जुळलेली मुलं मोजतात. तुमच्याकडे ६२ पैकी तिघांचे आधार जुळले नसेल, तर शासनाच्या लेखी पट ५९.

पडताळणीत नाव, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टी शाळेच्या नोंदीशी ताडून पाहतात. बहुतेक घोळ नावात असतो. ईश्वरीचे इंग्रजी स्पेलिंग शाळेत ‘व्ही’ने आणि आधारवर ‘डब्ल्यू’ने असते. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. बारशाआधीच आधार काढले असेल तर कार्डावर अजून आईच्या नावाने ‘बेबी ऑफ’ असेच असते. जन्मतारखेचे म्हणाल तर दाखला हाताशी नसताना आधार काढलेल्या मुलांची तारीख पुष्कळदा १ जानेवारी पडलेली असते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी चूक कोणत्या बाजूची आहे ते ठरवा. जन्मदाखला, शाळेचे जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) आणि आधार हे तीन कागद शेजारी ठेवा. दाखला आणि रजिस्टर जुळत असेल तर दाखला घेऊन आधार केंद्रावर जा. रजिस्टरच चुकले असेल तर त्यात खाडाखोड करायची नसते. मुख्याध्यापकांमार्फत रीतसर प्रस्ताव पाठवून मंजुरीनंतरच नोंद बदलते, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून शाळा भरल्यावर जूनमध्येच मुख्याध्यापकांकडून ‘न जुळलेल्या’ मुलांची यादी मागून घ्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रासमोर रांग लावून उपयोग होत नाही. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पहिलीत आलेल्या मुलाचे ते अद्ययावत करण्याचे कामही त्याच फेरीत उरकून घ्यावे.

संचमान्यता निघून गेली असेल तर आता जुळलेल्या मुलांच्या पुराव्यासह दुरुस्तीचा प्रस्ताव केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि तिथून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) असा जायला हवा. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा. आणि दरवेळी पोच घ्या, नुसते तोंडी सांगून निघू नका.

प्रश्न : पोषण आहारात मुलांना नेमके किती मिळायला हवे? पालक म्हणून ते तपासता येते का?
(आई, बुलढाणा जिल्हा)

येते, आणि तपासावेच. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीला तेच १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम. हे सगळे वजन कच्च्या मालाचे आहे. ताटातला भात पाणी पिऊन अडीच-तीन पट झालेला असतो, त्यामुळे ताट बघून अंदाज चुकतो. तपासायचे तर शिजवण्याआधी तपासावे.

समजा, आज पहिली ते पाचवीची ४६ मुलं हजर आहेत. मग ४ किलो ६०० ग्रॅम तांदूळ, ९२० ग्रॅम डाळ, २ किलो ३०० ग्रॅम भाजी आणि २३० ग्रॅम तेल निघायला हवे. तांदळात सहसा फरक पडत नाही, कारण तो पोत्याने येतो आणि त्याचा साठा नोंदवहीत दिसतो. कपात होते ती भाजीत आणि डाळीत. भाजी कडाडली की दोन किलोच्या जागी चार बटाटे आणि उरलेला रस्सा. डाळ वाटीने मोजली जाते, आणि वाटी कोणती ते कुणीच लिहून ठेवत नाही. शाळेत चालू स्थितीतला वजनकाटा आहे का, एवढा एक प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारला तरी पुष्कळ फरक पडतो.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी आणि समितीच्या सदस्याने जेवण चाखून चव नोंदवहीत सही करायची असते. ती वही मागून बघा. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या वाटल्या तर ते समितीसमोर मांडा.

धान्य, इंधन, पैसे किंवा स्वयंपाकी मदतनीस नसल्याने जेवण शिजलेच नाही, तर त्या दिवसाचा अन्नसुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलांना द्यावा, असा २०१५चा केंद्राचा नियम आहे. सलग ३ शालेय दिवस किंवा महिन्यात ५ दिवस आहार बंद राहिला तर राज्य शासनाने जबाबदारी निश्चित करायची असते. त्यामुळे बंद दिवसांच्या तारखा लिहून ठेवा, तक्रारीत त्याच कामी येतात.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. दिवाळीनंतर पोराला सोबत न्यावे लागते. तिकडची शाळा दाखला मागते, इकडची दाखला दिला तर नाव कमी होईल म्हणते.
(पालक, बीड जिल्हा)

दाखला काढूच नका. हंगामी स्थलांतरासाठी शिक्षण हमी पत्रक असते. निघण्याआधी ते मुख्याध्यापकांकडून भरून घ्या आणि कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेत दाखवा. तेवढ्यावर मूल तिथल्या वर्गात बसते आणि परत आल्यावर आपल्याच शाळेत पुढे शिकते. पत्रक नसले तरी वयाच्या किंवा शाळेच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ आणि १४ मध्ये हे स्पष्ट आहे. उलट दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकांवरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

आजी-आजोबा किंवा नातलग गावी असतील तर मुलाला मागे ठेवण्याचा विचार जरूर करा. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालवता येते, पण त्यासाठी किती मुलं मागे राहणार हे शाळेला टोळ्या निघण्याआधी कळायला हवे. मुकादमाशी उचल ठरते त्याच सुमारास मुख्याध्यापकांनाही भेटा.

प्रश्न : शाळेला वर्षाला किती पैसे येतात, हे विचारले की ‘वरून येतील तेव्हा’ एवढेच उत्तर मिळते.
(व्यवस्थापन समिती सदस्य, नांदेड जिल्हा)

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाचे दर पटावर ठरलेले आहेत : ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार, त्यापुढे १ लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. रक्कम हप्त्यांनी आणि पुष्कळदा वर्ष सरताना येते, हे खरे आहे. त्यामुळे मार्चमध्ये घाईने खडू, रंग नि फायलींची बिले निघतात आणि गळके पत्रे तसेच राहतात. हे टाळायचे तर कामांचा क्रम लावून ठराव आधीच करून ठेवा, म्हणजे पैसे आले त्या दिवशी काम सुरू होते.

तुम्ही सदस्य आहात, म्हणजे हिशेब बघणे हे तुमचे कामच आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, हे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१ सांगते. मुख्याध्यापक सचिव असतात. बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘जमाखर्च वाचन’ हा विषय लेखी घालायला लावा. तरीही टाळाटाळ झाली तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘शाळेची सगळी माहिती द्या’ असे मोघम लिहू नका. अमुक वर्षाच्या अनुदानाचे खातेउतारे, बिले आणि इतिवृत्ताच्या प्रती, असे नेमके मागा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. एनएमएमएसला (आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला) बसवावे का?
(वडील, रत्नागिरी जिल्हा)

जरूर बसवा. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आणि सातवीला ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. बौद्धिक क्षमता ९० गुण आणि शालेय विषय ९० गुण असे दोन पेपर असतात. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. निवड होऊनही पैसे अडकतात ते राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज किंवा दरवर्षीचे नूतनीकरण राहिल्याने, नाहीतर मुलीच्या बँक खात्याला आधार जोडलेले नसल्याने. खाते तिच्याच नावाचे काढा, आणि त्यावरचे नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.