तुरुंगातले कर्मचारी कैद्यांच्या कायदेशीर हक्कांकडे कसं बघतात?

विधी सेवेची वकील म्हणून जेलमध्ये जाणं-येणं असतं, त्यावरून सांगते. हक्क नाकारायचाच, असं ठरवून कुणी बसलेलं नसतं. गेटवरच्या शिपायाच्या लेखी हक्क म्हणजे आणखी एक रजिस्टर, आणखी एक सही. एकदा वकीलपत्रावर सही हवी होती. हवालदार घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, बराकी बंद करायची वेळ झाली, उद्या या." त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा.

खरी गोची 'सवलत' या शब्दात आहे. संचित रजा (शिक्षा भोगत असताना मिळणारी ठरावीक दिवसांची रजा), मुलाखत म्हणजे घरच्यांची भेट, वकिलाची भेट, सगळं त्यांच्या तोंडी सवलतच! रजेला वागणुकीच्या अटी असतात, मान्य. पण वकिलाला भेटणं ही मेहेरबानी नाही, तो घटनेच्या कलम 22 मधला हक्क आहे.

वरिष्ठांना कोर्टाचा धाक असतो. तिहारमधून सुनील बत्रा या कैद्याने सहकैद्याच्या छळाबद्दल पाठवलेलं पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं होतं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम 479 ने तर कैद्याच्या हक्काचं एक काम या वरिष्ठांच्याच गळ्यात घातलंय. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने (ज्याचा खटला अजून चालू आहे) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की सुटकेसाठी कोर्टात अर्ज अधीक्षकांनी करायचा. (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे किंवा एकाहून जास्त खटले असतील तर नाही.) तुमचं माणूस आत असेल तर तारखेचा हिशेब घरी करा, अधीक्षकांना लेखी द्या आणि पोच घ्या.