तालुक्याच्या कोर्टात पहिली नेमणूक

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तनच्या न्यायिक अकादमीतलं प्रशिक्षण संपलं की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून तालुक्याला रुजू होशील. काही वकील सवयीने ‘सर’ म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. लक्ष द्यायचं ते बोर्डावरच्या, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीतल्या, कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जांकडे.

त्याआधी १९७८ हे साल डोक्यात ठेव. १८६२ पासून चालू असलेल्या मुंबई उच्च न्यायालयात त्या वर्षी पहिली महिला न्यायाधीश आली, सुजाता मनोहर. वीस वर्षं वकिली करून आलेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं आणि नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा रद्द झाली. अंगावर जखम नाही, आरडाओरडा नाही, मग संमतीच असणार, असा तो तर्क. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने तर पीडित मुलीला खोटारडी ठरवून टाकलं होतं. चार कायदेशिक्षकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये पुराव्याचा कायदा बदलला. आता कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं तिने साक्षीत सांगितलं, की संमती नव्हती हे गृहीत धरून चालावं लागतं.

त्या मुलीचं नाव मी लिहिलेलं नाही. तूही कोणत्याच निकालात, रोजनाम्यात (कामकाजाच्या रोजच्या नोंदीत) पीडितेचं नाव येऊ देऊ नकोस. गाव आणि वडिलांचं नाव राहिलं तरी ओळख उघड होतेच, आणि नेमकं हेच स्टेनोच्या जुन्या नमुन्यातून निसटतं.

हे तुला पहिल्या महिन्यातच लागेल. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खालचा, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६४ चा, जबाब शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. त्यामुळे आजूबाजूच्या ठाण्यांची प्रकरणंही तुझ्याकडे येतील. जबाब चेंबरमध्ये घे, तिला घेऊन आलेल्या पोलिसांना नुसतं दाराबाहेर नाही, नजरेआड पाठव. तिच्या बोलीतले शब्द तसेच उतरव. ‘माझ्यासोबत वाईट केलं’ असं ती म्हणाली तर तू मनाने ‘शारीरिक संबंध’ लिहू नकोस. ‘वाईट म्हणजे काय?’ असं विचार, आणि तो प्रश्नही जबाबात लिही. नाहीतर उलटतपासात तुझ्या पॉलिश केलेल्या मराठीची शिक्षा तिला मिळते. प्रत तपास अधिकाऱ्याला दे. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत ती उघड करायची नाही, असं त्याला लेखी बजाव.

आता घरगुती हिंसाचाराचे अर्ज. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सांगतो. प्रत्यक्षात अर्ज कुठे अडतो? पहिल्यांदा नोटिशीत. ती संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यामार्फत, बजावायची असते. पत्ता अर्धवट असला की बजावणी न होताच परत येते, म्हणून दाखल होतानाच घर क्रमांक, मोबाइल आणि नोकरीचं ठिकाण बघ. मग कौटुंबिक घटना अहवालात, म्हणजे हिंसाचाराच्या तक्रारीची नोंद करून त्याच अधिकाऱ्याने पाठवायच्या कागदात. तो आला नाही म्हणून तारीख देऊ नकोस. त्याशिवायही आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि सगळ्यात जास्त ‘म्हणणे दाखल करण्यास मुदत’ या अर्जात. रजनेश विरुद्ध नेहा या पोटगीवरच्या २०२० च्या निकालाने उत्तर आणि मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्रासाठी जास्तीत जास्त चार आठवडे आणि फार तर दोन संधी ठेवल्यात. तिसरी मागतील. नाकार.

त्याच निकालात शेतकरी कुटुंबांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना जोडलेला आहे. तालुक्यात बरेचदा नोकरदाराचाच नमुना भरून येतो, पगाराच्या रकान्यात ‘निरंक’, आणि दहा एकर बागायत कुठेच दिसत नाही. कागद परत कर, योग्य नमुना आणि सातबारा मागव.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे, एवढ्यावर निवासाचा अर्ज फेटाळू नकोस. सतीशचंदर अहुजा प्रकरणानंतर, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, ते कारण पुरत नाही. मात्र सासूला घराबाहेर काढायचा आदेशही देऊ नकोस. घरातल्या कोणत्याच स्त्रीविरुद्ध तसा आदेश २००५ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये बसत नाही आणि अपिलात सगळंच उलटतं.

आदेश लिहिताना कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा विशाखा निकाल समोर ठेव. १३ ऑगस्ट १९९७ चा, न्या. वर्मा, न्या. मनोहर आणि न्या. किरपाल यांच्या पीठाचा. राज्यघटनेची कलमं त्यात आहेतच, पण तो टिकला तो शेवटच्या तपशिलामुळे: तक्रार समितीची प्रमुख स्त्री, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती. कायदा यायला पुढे सोळा वर्षं गेली, तोवर त्यावरच काम भागवावं लागलं. ‘अर्जदारास योग्य निवास द्यावा’ असं मोघम लिहिशील तर आदेश बजावणारा बेलिफ दारातून परत येईल. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचा मिळकत क्रमांक, कोणती खोली, स्वयंपाकघर आणि संडासाचा वापर, किल्ली कोणत्या तारखेपर्यंत, सोबत कोणत्या ठाण्याचा पोलीस, हे सगळं लिही. पोटगीला रक्कम, बँक खातं, दर महिन्याची तारीख आणि ‘अर्जाच्या दिनांकापासून’ हे शब्द हवेतच. दरमहा ६,००० ठरवले आणि अर्ज १४ महिने जुना असेल, तर थकबाकी ८४,००० होते. तो आकडा तूच लिही आणि हप्ते बांधून दे. नवरा पगारदार असेल तर मालकाने परस्पर रक्कम भरावी, असा आदेश त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम २० खाली देता येतो. आदेशाची प्रत तिला आणि पोलीस ठाण्याला मोफत जाते. नकलेचे पैसे कुणी मागितले तर तिथल्या तिथे विचार.

वसुलीत एक खाच आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ च्या, म्हणजे जुन्या १२५ च्या, पोटगीसाठी रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज आला नाही, तर त्या महिन्यापुरतं वॉरंट निघत नाही. बायका समेटाच्या आशेवर थांबतात आणि वर्ष उलटतं. पोटगीचा आदेश उघड्या कोर्टात सांगतानाच तिला हे समजेल अशा भाषेत सांग. आणि नवरा महिनाभर तुरुंगात बसून आला म्हणजे पैसे फिटले, असं त्याचा वकील म्हणेल. फिटत नाहीत. १९८८ चा कुलदीप कौर निकाल टेबलाच्या खणात ठेव.

रुजू झाल्यावर शिरस्तेदारांकडून, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनाकडून, एक यादी मागवून घे: अंतरिम अर्ज सहा महिन्यांहून जुने किती. सुरुवात तिथून कर.

तुझी,
मॅडम