लाइट मशीनगनसाठी ड्रम मॅगझिन व्यवहारात उपयोगी पडतं का?

थोडंफार, पण फोटोत वाटतं तितकं नाही.

आरपीके या सोव्हिएत लाइट मशीनगनचं उदाहरण घ्या. ड्रममध्ये ७५ गोळ्या, लांब साध्या मॅगझिनमध्ये ४०. फायदा दिसतो, पण ड्रम जाड, गोल आणि जड. पाऊचमध्ये नीट बसत नाही, चालताना आत गोळ्या खुळखुळतात, भरायला वेळ लागतो. आतली स्प्रिंग गोळ्यांना वळणावळणाने ढकलते, त्यामुळे माती गेली किंवा पत्रा चेपला की गोळी अडकते. शिवाय आरपीकेची नळी लढाईत पटकन बदलता येत नाही. सलग मारा केला तर नळी तापणार, मग जास्त गोळ्यांचा उपयोग किती?

म्हणून सलग माऱ्यासाठी एकमेकींना जोडलेल्या गोळ्यांचा पट्टाच बरा. अमेरिकन एम-२४९ लाइट मशीनगनच्या डब्यात २०० गोळ्यांचा पट्टा असतो. आरपीडी या सोव्हिएत लाइट मशीनगनखालचा गोल डबा पाहून बरेच जण फसतात; तो ड्रम नाही, आत १०० गोळ्यांचा पट्टाच असतो. (लुईस गनच्या वरची गोळ्यांची थाळी आणखी वेगळी: तिच्यात स्प्रिंगच नाही, बंदुकीची यंत्रणाच ती फिरवते.)

ड्रम लावायचाच तर पहिल्या झटापटीसाठी एक. तो संपला की साधी मॅगझिन्स, जी आरपीकेला एकेएम रायफलचीही चालतात.